टपालात न टाकलेलं पार्सल

"हॉलंडला उतरलास की हे तिथल्या पोस्टात टाक," असं मास्टरनी मला तीनदा बजावलं. तिन्ही वेळा मी "येस सर" म्हटलं आणि तिन्ही वेळा मनाशी ठरवलं, की हे पोस्टात टाकायचं नाही. आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. नोकरीत मी वरिष्ठांचा शब्द मोडला तो एवढा एकदाच, आणि तो मोडताना मला जराही लाज वाटली नाही. लाज नंतर वाटली, पण ती वेगळ्याच गोष्टीची.

साठच्या दशकाच्या मध्यावरची ही हकिकत. दोहाचा समुद्र इतका उथळ, की मोठी जहाजं लांब खोल पाण्यात उभी राहत आणि तांदळाच्या गोणीपासून मोटारीपर्यंत सगळं पडावांतून धक्क्याला येई. जहाजांना आत येता यावं म्हणून तळाचा गाळ आणि खडक कापून वाट करायचं काम एका डच कंपनीकडे होतं. त्या कंपनीच्या यार्डात मी स्टोअरकीपर होतो. ड्रेजरचे, म्हणजे गाळ काढणाऱ्या जहाजाचे, दात, पाइपांच्या जोडण्या, नट-बोल्ट, वायररोप, सगळं माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये. लोक उन्हाच्या नावाने बोटं मोडत, पण माझा खरा वैरी ऊन नव्हतं, गंज होता. त्या दमट खाऱ्या हवेत उघडं लोखंड ठेवलं तर आठ दिवसांत त्यावर तांबूस पूड धरते. मी एकेक वस्तू पुसून, ग्रीस चोपडून, तेलकट कागदात गुंडाळून ठेवायचो आणि कुणी घामट हाताने ती उचलली की त्याच्यावर खेकसायचो. "स्टोअरवाला खवीस आहे," असं यार्डात म्हणत. मला ते आवडायचं.

मास्टर म्हणजे ड्रेजरवरचे मुख्य. चाळिशीचे, उंच, उन्हाने कायम लाल झालेले आणि कामापुरतंच बोलणारे. त्यांची एक सवय मला चक्रावून टाकायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते स्वतः स्टोअरमध्ये येत. हातात पेपरमिंटच्या डबीचं झाकण. त्यात बोटभर स्वच्छ ग्रीस मागत. ड्रेजरवर ग्रीसचे डबेच्या डबे होते आणि हाताखाली वीस माणसं होती, तरी हा माणूस बोटभर ग्रीससाठी उन्हातून चालत येई. मी न उघडलेल्या डब्यातलं देत असे. "शुक्रन," असे अरबीतून आभार मानून ते झाकण पालथ्या हाताखाली झाकून नेत. पेटीच्या बिजागरीला लावत असतील, असं मी समजून होतो.

आणखी एक गोष्ट सगळ्या यार्डाला ठाऊक होती. दोहाला आल्यापासून सात वर्षांत मास्टर घरी गेले नव्हते. बाकीचे डच साहेब सुट्टीचे दिवस मोजत; हे सुट्टी मिळाली की बैरुतला जाऊन हॉटेलात राहत आणि चार दिवस आधीच परत येत. त्यांना पत्र आलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर फोटो नव्हता, भरती-ओहोटीचा तक्ता होता.

अशात कंपनीने मला सहा आठवडे हॉलंडला पाठवायचं ठरवलं. तिथल्या मुख्य यार्डात सुट्या भागांची मांडणी कशी करतात ते शिकून यायचं. दोहाच्या नजमा वस्तीतल्या आमच्या खोलीत ही बातमी पोचली तेव्हा जणू माझं लग्न ठरलं. त्या खोलीत आम्ही पाच जण, सगळे रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान. सर्वांत वडील होते ते चाचा. गोदीवर सुतारकाम करायचे आणि खोलीवर हामूर माशाचं कालवण त्यांच्याशिवाय कुणी करायचं नाही.

आमच्यातला कुणी गावी निघाला की त्याच्या पेटीत स्वतःचे कपडे कमी आणि दुसऱ्यांच्या पुड्या जास्त असायच्या. नुसतं पुडकं पोचवून भागत नसे. प्रत्येकाच्या घरी जायचं, बसायचं, जे पुढ्यात येईल ते खायचं आणि त्यांचा माणूस कसा आहे, काय जेवतो, खोकला गेला का, सगळं सांगायचं. आणि या सगळ्याआधी एक नेम होता. अंगणाच्या गडग्याबाहेर, बेड्याशी म्हणजे फाटकाशी उभं राहून, पेटी किंवा पुडी कुणाच्या नजरेला पडण्याआधी मोठ्याने ओरडायचं: "खुशाल हाय गो! सगला बरा हाय!" मगच बेडं ओलांडायचं. कारण परदेशी मेलेल्या माणसाची पेटीदेखील अशीच, कुणातरी सोबत्याच्या हातून घरी येते. माझ्या लहानपणी खाडीपलीकडच्या एका घरी एक जण खुशालीची पेटी घेऊन गेला आणि ओरडायचं विसरला. त्या घरातल्या म्हातारीने पडवीतूनच पेटी पाहिली आणि ती जी खाली बसली, ती पुन्हा नीट उठलीच नाही. त्यानंतर हा नेम कुणी मोडला नव्हता.

तर याच रिवाजाने मी मास्टरना विचारलं, "साहेब, घरी काही द्यायचंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्टोअरला आग लावायची परवानगी मागितली होती.  दोन दिवसांनी मात्र एक छोटं पार्सल टेबलावर ठेवलं. सिगरेटच्या पाकिटाएवढं, तपकिरी कागदातलं, आकाराच्या मानाने जड. वर आईचं नाव आणि पत्ता त्यांच्याच तिरक्या, टोकदार अक्षरात. "तिथल्या पोस्टात टाक. घरी जायची गरज नाही."

चाचांना हे सांगितलं तर ते कांदा चिरायचे थांबले. "आईची पुडी पोस्टात? तुजा डोका ठिकान्यावर हाय ना रं? सात वरसां झाली त्या बाईनं पोराचा तोंड नाय बगलान. तू जा. बस तिच्याजवल. सांग तिला." मग आपला काळा कोट त्यांनी मला दिला. त्यांच्या निकाहातला होता तो. साहेबांच्या देशात आईसमोर शर्टावर उभं राहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

हॉलंडमधले पहिले दोन आठवडे थंडीशी झगडण्यात गेले. उन्हाळा आहे असं सगळे सांगत होते, त्यांच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला. तिथल्या स्टोअरमध्ये मात्र मी रमलो. प्रत्येक बोल्टला त्याची जागा आणि कुणी घामट हाताचं नाही. तिसऱ्या रविवारी काळा कोट चढवला, पार्सल आतल्या खिशात ठेवलं आणि आगगाडीने पत्त्याजवळच्या डेव्हेंटरला गेलो.

आमच्याकडची जुनी माणसं डच लोकांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिच्या पडक्या भिंती माझ्या आजोबांनी गलबतावर असताना पाहिल्या होत्या. ते वलंदेज मुळात कुठून आले असतील हे त्या दिवशी मला कळलं. आयसल नावाच्या रुंद, संथ नदीच्या काठावर हे गाव बसलंय. समुद्र लांब आहे, पण शेकडो वर्षांपूर्वी या नदीतून जहाजं वर येत आणि गावाचा व्यापार पार नॉर्वेपर्यंत चाले. चौकात तेव्हाचं वजनघर अजून उभं आहे, विटांचं, बाहेरून जिना असलेलं. त्याच्या भिंतीवर तांब्याची एक अवाढव्य कढई टांगलीय. खोटी नाणी पाडणाऱ्याला म्हणे तिच्यात उकळून काढला होता. चौकातल्या एका केकवाल्याने मला हे इतक्या सहज सांगितलं, जणू शेजारच्या गल्लीतली कालची बातमी. त्याने मधाचा मसालेदार केक चाखायला दिला. त्यात जायफळ-लवंगेचा वास होता आणि तो वास आमच्या घरचा होता. नॉर्वेहून या गावात काय यायचं, असं मी विचारलं. "सुका मासा," तो म्हणाला. मी मोठ्याने हसलो. सुक्या माशावर एवढं गाव उभं राहू शकतं, तर आमचं हर्णै का नाही?

नदीकाठच्या अरुंद गल्ल्यांत घरांच्या माथ्याला लाकडी तुळया बाहेर आलेल्या दिसल्या, माल वर ओढायला. दोन मनोऱ्यांचं एक चर्च चढावर होतं. माझी चाल मंदावली होती, हे मला कळत होतं. गाव बघायच्या निमित्ताने मी पुढचं काम लांबवत होतो. साहेबांनी "जाऊ नकोस" म्हटलेल्या घरी मी चाललो होतो आणि आता एकट्याला थोडी धाकधूक वाटू लागली होती.

स्टेशनाजवळ भाड्याची सायकल मिळाली. पत्ता नदीच्या खालच्या अंगाला, दहा-बारा किलोमीटरवरचा, पलीकडच्या काठावरचा होता. बांधावरून सरळ रस्ता गेला होता. एका बाजूला नदी आणि तिच्या पुरासाठी मोकळी सोडलेली कुरणं, दुसऱ्या बाजूला बांधाखाली कौलारू घरं, नदीच्या पातळीहून खाली. बांध फुटला तर काय, हा विचार तिथे कुणाला शिवत नसावा. वाळुंजासारखी झाडं डोकी छाटून रांगेत उभी होती. गवत कापून ठेवलेलं होतं, त्याचा वास आमच्याकडच्या भाताच्या पेंढ्याहून गोड. गाई इतक्या स्वच्छ, की मला माझ्या कोटावरची धूळ झटकावीशी वाटली. कोकणातून दोहाला गेल्यावर मला हिरवा रंग पारखा झाला होता. त्या दिवशी तो इतका मिळाला, की डोळे भरून आले. वाऱ्याने आले असं मी स्वतःला सांगितलं.

रस्ता संपला तिथे नदीत उतरणारा दगडी उतार होता आणि एका खांबाला घंटा टांगलेली होती. पलीकडे एक होडी बांधलेली, मागे बांध आणि बांधावर एकच पांढरं घर. मी घंटा वाजवली. थोड्या वेळाने घराकडून एक म्हातारा उतरला, होडी सोडली आणि एकटा वल्हवत आला. रुंद खांदे, पांढऱ्या भिवया. त्याने मान हलवली, मी मान हलवली. सायकल काठावरच ठेवून मी चढलो आणि पत्ता दाखवायला म्हणून खिशातलं पार्सल काढून त्याच्यापुढे धरलं.

म्हाताऱ्याने ते हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं. एवढासा पत्ता वाचायला लागेल त्याहून किती तरी जास्त वेळ तो त्या अक्षराकडे बघत होता. मग माझ्या काळ्या कोटाकडे बघितलं आणि वल्ही धरली.

नदीच्या मध्यावर त्याने वल्ही पाण्याबाहेर उचलली आणि तशीच धरून ठेवली. होडी प्रवाहाबरोबर खाली सरकू लागली. वल्ह्यांच्या पात्यांवरून पाणी निथळत होतं. वय झालंय, दमला असेल, असं मला वाटलं. मी वल्हवू का, अशी खूणही केली. मी खाडीतला माणूस, मला वल्हवता येतं. त्याने मान हलवून नकार दिला आणि पुन्हा वल्हवू लागला. काठाला लागल्यावर पांढऱ्या घराकडे बोट दाखवलं. मी बांध चढलो, तो माझ्या मागे दहा पावलांवर चालत राहिला.

आता माझी चूक सांगतो. घराला लहानसं लाकडी फाटक होतं, अगदी आमच्या बेड्यासारखं. तिथे उभं राहून ओरडायचं, हे मला आठवलं. खरंच आठवलं. पण मी मनात म्हटलं, हे साहेबांचं गाव, इथे रस्त्यावर कुत्रंदेखील भुंकत नाही. इथे फाटकाशी बोंब मारली तर काय म्हणतील? म्हणून मी जास्तीत जास्त सभ्यपणे वागायचं ठरवलं. टोपी काढून काखेत धरली, कोटाची बटणं लावली, पार्सल दोन्ही हातांत घेतलं, मान किंचित लववली आणि हळूच दार वाजवलं.

दार उघडलं. सत्तरीची एक बाई, हात पिठाने माखलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पार्सलकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे तो म्हातारा उभा होता. त्यानेही टोपी काढली होती.

बाई उंबऱ्यावर बसली. पडली नाही, ओरडली नाही, नुसती बसली. थोड्या वेळाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने मला विचारलं, "त्याला शेवटी फार त्रास झाला का?"

 खाडीपलीकडची ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यानंतर मी जे केलं त्यात सभ्यपणा काहीच नव्हता. माझं इंग्रजी पळालं आणि त्या शांत बांधावर मी गावच्या बोलीत जीव खाऊन ओरडलो, "खुशाल हाय गो! खुशाल हाय! सगला बरा हाय!" मग इंग्रजी परत आलं. जिवंत आहे, धडधाकट आहे, रोज कामावर जातो, मला शिव्या देतो, जाड झालाय. जाड झालाय हे खोटं होतं, पण थांबताच येईना.

बाईने दोन्ही पिठाळ हातांनी माझं मनगट धरलं. मागे वळून पाहिलं, तर म्हातारा दाराबाहेरच्या बाकावर बसून टोपीत तोंड खुपसून होता आणि त्याचे ते रुंद खांदे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा बाप होता. मुलाचं अक्षर त्याने होडीतच ओळखलं होतं. काळ्या कोटातला परका माणूस मुलाची वस्तू घेऊन आलाय, याचा एकच अर्थ त्याने लावला, आणि तो अर्थ पोटात घेऊन नदी ओलांडली, मला घर दाखवलं आणि बायकोला कळेल तेव्हा जवळ असावं म्हणून माझ्या मागे चालत आला. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या लाजेपुढे साहेबांचा मोडलेला शब्द काहीच नव्हता.

आत कॉफी झाली. एक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला. हा त्यांचा रिवाज मला यार्डात कळला होता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. बाईला थोडं इंग्रजी येत होतं, लढाई संपताना कॅनडाचे सैनिक त्यांच्या घरी उतरले होते त्यांच्याकडून शिकलेलं. त्या लढाईतच थोरला मुलगा गेला. जर्मनांनी त्याला कामाला धरून नेलं होतं. एक दिवस त्याच्या बरोबरचा माणूस नदी ओलांडून आला आणि दाराशी मुकाट उभा राहिला, हातात थोरल्याचा कोट घेऊन. नदीवरची होडी तीन पिढ्यांची. ती मग धाकट्याने चालवायची होती. तो थांबला नाही. ज्या सकाळी तो निघाला, बापानेच त्याला पलीकडे सोडलं आणि उतरताना सांगितलं, "या काठावरून तुला परत आणायला मी येणार नाही."

"नावाडी घंटा वाजवणाऱ्या प्रत्येकाला आणतो," बाई म्हणाली. "तो कायदा आहे. पोराला वाटतं, बाप त्याच्यासाठी कायदा मोडेल."

बाप खिडकीशी बसला होता. त्याने तोंड फिरवलं.

मग तिने पार्सल सोडलं. मीही मान पुढे काढली, खोटं कशाला बोलू. चिठ्ठी नव्हती. तेलकट कागदाच्या दोन घड्यांत एक लोखंडी चावी होती, जुनी, जाड, बोटभर लांबीची.

"मागच्या दाराची," बाई म्हणाली. तिने ती टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. "जाताना घेऊन गेला होता. आता पाठवून दिली. म्हणजे आता येणार नाही."

मला चाचांचा राग आला, माझा आला, मास्टरचा तर फारच आला. असलं काही पाठवायचं होतं म्हणून पोस्टात टाक म्हणत होता हा माणूस! काय बोलावं सुचेना आणि सुचेनासं झालं की मी वस्तू हातात घेऊन बघतो, तशी ती चावी उचलली. उलटी केली. दात्यांच्या खाचांत नखाने पाहिलं. नळीत पाहिलं. आणि मी उठूनच उभा राहिलो.

"ही सात वर्षं दोहात होती?" मी विचारलं.

"आणि त्याआधी दोन वर्षं बसऱ्याला," बाई म्हणाली.

चावीवर गंजाचा ठिपका नव्हता. खाचेतसुद्धा नाही. मी बोट वासाला नेलं. ते ग्रीस माझ्या स्टोअरमधलं होतं, न उघडलेल्या डब्यातलं, दर पहिल्या तारखेला पेपरमिंटच्या डबीच्या झाकणात मोजून दिलेलं.

मी त्यांना सांगितलं. तिथली हवा कशी आहे, उघड्या लोखंडाचं आठ दिवसांत काय होतं, माझ्या शेडमध्ये मी काय काय करतो. चावी एकदा तेल लावून ठेवली तर महिनाभर टिकेल. पुढच्या महिन्यात पुन्हा पुसावी लागते, पुन्हा लावावी लागते. सात वर्षं म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा कुणीतरी ही हातात घेतलीय. "मी स्टोअरकीपर आहे," मी म्हटलं. "बाकी मला काही कळत नाही, पण हे कळतं. वापरायची नसलेली वस्तू कुणी अशी ठेवत नाही."

बाईने हे बापाला त्यांच्या भाषेत सांगितलं. सावकाश, मधेमधे थांबून. तो उठून टेबलाशी आला, चावी उचलली आणि अंगठ्याने खालपासून वरपर्यंत पुसली. अंगठ्यावरचं ग्रीस बघितलं. मग चावी परत त्याच तेलकट कागदात गुंडाळली, घड्या जशा होत्या तशाच घातल्या आणि माझ्या हातात दिली. काहीतरी बोलला.

"म्हणतोय, ही त्याला परत दे," बाई म्हणाली. "आणि सांग, घंटा होती तिथेच आहे."

जेवायला बाईने धुरावलेली वाम वाढली, नदीतलीच, बापाने धरलेली. पाव, अंडी, चीज. मी काय खातो, काय खात नाही हे तिने आधी विचारून घेतलं आणि भांडी पुन्हा धुतली. मुलाबद्दल विचारत राहिली: काय जेवतो, केस गेले का, हसतो का. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते चांगलं करून सांगितलं. दुसऱ्या कॉफीच्या वेळी बिस्किटांचा डबा टेबलावर उघडाच राहिला.

दोहाला परतलो आणि पहिल्याच सकाळी मास्टरच्या केबिनमध्ये जाऊन ते पार्सल टेबलावर ठेवलं. त्यांनी कागदाच्या घड्या ओळखल्या. माणूस इतका पांढरा पडलेला मी उन्हाळ्याच्या दोहात पाहिला नव्हता.

"मी पोस्टात टाक म्हणालो होतो."

"येस सर."

"तुला घरी जायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, साहेब. आमच्यात जातात." मग मी निरोप सांगितला, होडी मध्यावर थांबली आणि मी दाराशी कसा ओरडलो तेही सांगितलं. चावीला लावलेलं ग्रीस माझ्या स्टोअरचं आहे, हेही बोलून गेलो. तेवढ्यावर ते उभे राहिले. "खलास! आउट!" बाहेरच्या पाइपफिटरलासुद्धा ऐकू गेलं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. पहिली तारीख आली. मास्टर आले, हातात झाकण. मी ग्रीस दिलं. "शुक्रन" नाही. पुढच्या पहिल्या तारखेला तेच. असे नऊ महिने गेले. चाचा दर पहिल्या तारखेला विचारत, "आयला क रं?" मी म्हणायचो, "आला होता." म्हणजे ग्रीस न्यायला आला होता, घरी गेला नाही. चाचा मान हलवून चुलीकडे वळत. मला त्या नदीवरची बाई सारखी आठवायची आणि झाकण दिसलं की चीड यायची.

दहाव्या महिन्यात माझा पारा चढला. मी डबा उघडलाच नाही. म्हटलं, "साहेब, आजपासून बंद. माझं स्टोअर ड्रेजरसाठी आहे. ज्या कुलपाकडे जायचं नाही त्याच्या चावीला ग्रीस नाही."  नोकरी गेली, असं धरून चाललो. मास्टरनी झाकण खिशात घातलं आणि ते गेले. त्या आठवड्यात त्यांनी सुट्टीचा अर्ज दिला. बैरुतचा नव्हता.

सात आठवड्यांनी ते परतले. दुपारची वेळ, स्टोअरमध्ये मी एकटा. मधाच्या मसालेदार केकची चौकोनी वडी माझ्यापुढे ठेवली आणि एका खोक्यावर बसले. माझ्यासमोर ते कधी बसले नव्हते.

"घंटा वाजवली," ते म्हणाले. "तो घरातून निघाला. मी कोण ते त्याला लांबून दिसलं असणार, चाल ओळखली असणार. मला वाटलं, परत फिरेल. फिरला नाही. आई बांधावर आली होती. मला तुझं आठवलं. मी या काठावरूनच ओरडलो, सगळं ठीक आहे, मी बरा आहे."

"मग?"

"होडीत एक शब्द बोलला नाही. मध्यावर आलो तशी त्याने वल्ही उचलली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार." मास्टरनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तो बाकावर एका बाजूला सरकला. एक वल्हं माझ्याकडे दिलं. बाकीची नदी आम्ही दोघांनी मिळून ओलांडली."

 मी उगाच एक बोल्ट पुसत राहिलो.

"चावी कुठे आहे, साहेब?"

"घरी. खिळ्याला." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला किती वर्षं झाली घरी जाऊन?"

"चार."

"पार्सलं पाठवतोस?"

"दर खेपेला कुणाच्या ना कुणाच्या हातून. आईला औषधं, कापड. आमच्यातली माणसं नीट पोचवतात, साहेब. फाटकाबाहेरून ओरडतात."

"तुमच्या दाराची चावी आहे तुझ्याकडे?"

"आमच्या दाराला चावी नाही. आतून अडसर असतो. आई घरात असते, ती काढते."

मास्टर उठले. माझ्याच टेबलाच्या खणातून सुट्टीचा कोरा फॉर्म काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर स्वतःचं पेन.

"म्हणजे तुला ग्रीससुद्धा लागत नाही," ते म्हणाले. "मग अडलंय कशाला?"

 मी हात पुसले आणि फॉर्म भरायला घेतला.